अक्काचा सतरा नंबरचा फॉर्म

यंदा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या पेपरात एक प्रश्न बहुतेक येतोच: तुलनात्मक लाभाचा सिद्धांत उदाहरणासह स्पष्ट करा. मुलं त्याला हक्काचा प्रश्न म्हणतात. पुस्तकातल्या उदाहरणात दोन देश असतात, एक कापड काढतो, दुसरा धान्य पिकवतो. मला तो प्रश्न पाठ आहे, पण लिहायला बसलो की हात जड होतो. दोन देशांच्या जागी मला माझी बहीण आणि मी दिसतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढावं असं ठरवलं आहे. जमेल की नाही माहीत नाही.

आमचं गाव रेणापूरपासून दोन कोसांवर. अक्का माझ्यापेक्षा दीड वर्षाने मोठी, पण आम्ही एकाच वर्गात होतो. मी तान्हा असताना माय कामावर जायची आणि मला सांभाळायला अक्का घरी राहायची. त्यामुळे तिचं नाव शाळेत उशिरा घातलं. म्हणजे तिचं पहिलं वर्ष माझ्यापायीच गेलं. ते मात्र माझ्या हातात नव्हतं.

रेणापूरच्या शाळेत आम्ही पायी जायचो. अक्का गणितात माझ्यापुढे होती. पाच उदाहरणं तिची होत, तेवढ्यात माझी चार होत. फरक थोडाच होता, पण तो कायम तिच्याच बाजूचा होता. अक्षर तिचं चांगलं. वस्तीतल्या बाया तहसीलचे अर्ज तिच्याकडून लिहून घ्यायच्या, माझ्याकडे कोणी येत नसे. घरकामाचं तर विचारूच नका. भाकरी, खुरपणी, पाणी आणणं, सरपण फोडणं, ज्याला हात लावील ते तिला जमायचं.

आम्ही दहावीला गेलो त्या वर्षी पाऊस पडला नाही. दादा, म्हणजे आमचे वडील, एका मालकाकडे सालावर होते. बिलोलीकडे चारा आहे असं कळलं म्हणून मालकाने त्यांना जनावरांबरोबर तिकडे पाठवून दिलं. ते नांदेडच्या पलीकडे गेले, ते सात-आठ महिने आलेच नाहीत. इकडे रोजगार हमीचं काम निघालं. रस्त्यासाठी खडी फोडायची. दिवाळीनंतर माय म्हणाली,

"एकीच्या हातानं आता भागंना. दोघांपैकी एकानं माझ्यासंगं यायचं, एकानं शाळंत जायाचं."

कोणी यायचं हे तिने तेव्हा ठरवलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती, म्हणून पहिल्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. सायकलच्या जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी मारायची, म्हणजे खडी उडत नाही. अक्काला हे बघता बघता जमलं. दिवस मावळेपर्यंत तिने आठ पाट्या भरल्या. माझ्या दोन झाल्या आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. मुकादम आला, त्याने माझ्या ढिगाकडे पाहिलं आणि मायला म्हणाला,

"बाई, ह्या पोराला घरी ठिवा. ह्याची पाटी भरंस्तवर रस्ता जुना व्हईल."

बाया हसल्या. माय हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. त्या दिवशी मी हात राखून काम केलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारतो. मुद्दाम केलं नव्हतं असं वाटतं. पण दुपारनंतर तिसरी पाटी भरावी असं मला वाटलंच नाही, एवढं आठवतं.

घरी आल्यावर माय म्हणाली, "ह्येला दगड जमंना. पोरीला जमतंय. पोरगीच येऊ दे."

"मला शाळा बी जमतीय की," अक्का म्हणाली.

"तुला समदंच जमतंय, बाई. त्येचंच तर बरं हाय."

एवढंच बोलणं झालं. भांडण नाही, रडणं नाही. अक्काने पुस्तकं माझ्या पुस्तकांवर ठेवली. तिची गणिताची वही मी परीक्षेपर्यंत वापरली, कारण माझ्या वहीपेक्षा ती नीटनेटकी होती. मार्चमध्ये मी पास झालो.

जूनमध्ये मला लातूरच्या कॉलेजात अकरावीला घातलं. आमच्या घरातला, आणि वस्तीतलाही, कॉलेजात जाणारा मी पहिलाच. दोन मुलांबरोबर एक खोली घेतली. खोलीचं भाडं अक्काच्या हजेरीवर निघायचं. जेवणाचा डबा गावाकडून एस.टी.ने यायचा. अशी पद्धत आमच्याकडे आहे. पहाटेच्या गाडीत कंडक्टरच्या ओळखीने डबे ठेवायचे, आणि पोरांनी स्टँडवर जाऊन आपापला डबा उचलायचा. डब्यावर खूण म्हणून अक्काने लाल चिंधी बांधली होती. म्हणजे ती पहाटे उठून भाकरी करायची, फाट्यापर्यंत चालत जाऊन डबा गाडीत ठेवायची आणि तिथूनच खडीवर जायची. मी सात वाजता उठून डबा आणायला जायचो. तेव्हा मला यात काही वावगं दिसत नव्हतं.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. पंधरा ऑगस्टला गावभर कमानी होत्या. पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिणारे पेंटर सगळीकडे दिसत होते. कार्यालयं भाड्याच्या घरांत थाटली होती. कुठे खुर्च्या होत्या तर टेबलं नव्हती. कोणता कागद उस्मानाबादला आहे आणि कोणता लातूरला आला, हे लोक एकमेकांना रस्त्यात विचारायचे. पाऊस मात्र त्या वर्षीही ओढ देऊन होता. खोलीवर आम्ही तिघं एका बादलीत भागवायचो.

अर्थशास्त्राचे आमचे सर उदगीरकडचे, लिंगायत व्यापारी घरातले. बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा. श्रमविभागणी शिकवता शिकवता ते एक दिवस पुस्तक सोडून व्यापारावर आले. म्हणाले, "एक देश असा आहे की त्याला दोन्ही वस्तू दुसऱ्यापेक्षा चांगल्या करता येतात. मग त्याने दुसऱ्याशी व्यापार करावा का? काय गरज?"

सगळा वर्ग म्हणाला, गरज नाही. मी तोवर वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. माझी बोली ऐकून मुलं हसतील असं वाटायचं. त्या दिवशी हात कसा वर गेला कळलं नाही. मी म्हणालो, "सर, एक मुलगी हाय... आहे. ती दिवसाला आठ पाट्या खडी फोडते, नाहीतर पाच उदाहरणं सोडवते. एक मुलगा आहे. तो दोन पाट्या फोडतो, नाहीतर चार उदाहरणं सोडवतो. मुलगी दोन्हीत पुढं आहे. पण ती उदाहरणं सोडवायला बसली तर आठ पाट्या बुडतात. मुलगा बसला तर दोनच बुडतात. म्हणून मुलीनं खडी फोडावी आणि मुलानं उदाहरणं सोडवावीत. दोघांचं मिळून जास्त होतं."

सरांनी आठ, दोन, पाच, चार हे आकडे फळ्यावर लिहिले. मग वळून म्हणाले, "पुस्तकातल्यापेक्षा सोपं उदाहरण दिलंस. कुठं वाचलंस?"

"सुचलं, सर," मी म्हणालो.

वर्ग माझ्याकडे बघत होता. तो माझ्या आयुष्यातला मोठा दिवस होता. आणि अभिमानापेक्षाही मोठी होती ती सुटका. आमच्या मायने चुलीपुढे बसून जे ठरवलं ते बरोबर होतं, असं दूर देशातल्या शहाण्या माणसांनी आधीच लिहून ठेवलेलं होतं. मी कोणाचं काही घेतलं नव्हतं. जे जास्त फायद्याचं तेच झालं होतं.

पोळ्याला मी गावी गेलो. गावात बैल मोजकेच राहिले होते, त्यामुळे सण नावालाच होता. अक्का माझी वाटच बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली,

"शाळंत न जाता बाहेरून दहावीला बसता येतंय म्हणं. सतरा नंबरचा फॉर्म असतोय. लातूरला मिळतोय का बग की."

"मिळत असंल. पण तू अभ्यास कधी करणार?"

तिने सगळं ठरवून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी गावात बालवाडी निघणार होती. मुलांना शिकवायला बाई गावातलीच घेणार होते आणि ती दहावी पास पाहिजे होती. आमच्याच काय, गावाच्या कोणत्याच आळीत दहावी पास बाई नव्हती. अक्का मार्चमध्ये पास झाली तर ती जागा तिचीच होती.

"तू शनवार-आयतवार येत जा," ती म्हणाली. "ते दोन दिस तू मायसंगं खडीवर जा. मी तेवढ्यात वाचते. बाकीचं रोजचं मी बघते. दोनच दिस."

मी हो म्हणालो. पण म्हणतानाच माझ्या अंगठ्याच्या नखात कळ आली. नख कधीच बरं झालं होतं. मला भीती दोन दिवसांची नव्हती. दोनाचे चार होतील, मग माय म्हणेल की आता पोरगीच शिकू दे, तिला जास्त जमतंय. आणि ते खरंच होतं. मायला हे सुचू नये अशी माझी इच्छा होती.

म्हणून मी अक्काला सिद्धांत सांगितला. आज लिहितानाही लाज वाटते. ती ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून आठ, दोन, पाच, चार सगळं समजावलं, सरांनी शाबासकी दिली तेही सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये एकदा तिने माझा भागाकार दुरुस्त केला. मग म्हणाली,

"म्हंजे मला समदं येतंय म्हणून मला कायबी मिळायचं न्हाई."

"तसं नाही. दोघांचं मिळून वाढतं."

"वाढलेलं कुणाकडं जातंय?"

"वाटून घ्यायचं असतं."

"किती-किती?"

"ते... दोघांनी ठरवायचं असतं."

ती हसली. चिडून नाही, सहज हसली. म्हणाली, "आन तुजा तो चार पाचचा हिशेब अवंदाचा. मी पाच वर्सं खडी फोडली आन तू पाच वर्सं वाचलास, तर मग मला दोन बी उदाहरणं येणार न्हाईत. मग तुमचे सर म्हणतील, बगा, हिला वाचायला येतच न्हाई, हिनं खडीच फोडावी." सूप पाखडून तिने खडे बाजूला टाकले. "फॉर्म आण तू. ते ऱ्हाऊ दे."

हे उत्तर मी अजून कोणत्या पुस्तकात वाचलेलं नाही. कुठे असलं तर माझ्या वाचनात आलं नाही.

लातूरला एका शाळेत ते फॉर्म मिळत. मी लगेच जाऊन आणला. कोणाला वाटेल की आणलाच नाही, पण तसं नाही. आणला, खोलीवर बसून सुवाच्य अक्षरात भरलाही. नाव, गाव, आईचं नाव, आधीची शाळा. फक्त तिची सही राहिली होती. पुढच्या शनिवारी गावी जाऊन सही घ्यायची होती. त्या शनिवारी मी गेलो नाही, चाचणी आहे असा निरोप डब्याबरोबर पाठवला. चाचणी खरंच होती, पण सोमवारी. त्यापुढच्या शनिवारीही गेलो नाही. फॉर्म ट्रंकेत कपड्यांखाली होता. शेवटची तारीख शाळेच्या फलकावर खडूने लिहिली होती, आणि कॉलेजला जाताना मी रोज तो फलक वाचायचो.

शेवटच्या दिवशी मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. सही मीच करावी, तिला कुठं कळणार आहे, असाही विचार आला. फॉर्म शर्टाच्या आत होता. शिपायाने विचारलं, "काय पायजे?"

मी म्हणालो, "पाणी."

"पाणी कुठलं बाबा, टँकर न्हाई आला अजून," तो म्हणाला. मी परत फिरलो.

त्या आठवड्यात गावी गेलो. अक्काने विचारायच्या आत मीच बोललो. नवा जिल्हा झालाय, परीक्षेचं केंद्र उस्मानाबादचं की लातूरचं हे अजून ठरलेलं नाही, म्हणून यंदा बाहेरून बसणाऱ्यांचे फॉर्म आलेच नाहीत. एवढं सगळं मी एका दमात सांगितलं. लगेच खरं वाटेल असंच ते होतं. त्या दिवसांत लातूरला कोणतंही काम झालं नाही की लोक हेच कारण सांगत. अक्काचा चेहरा उतरला, पण तिने शंका घेतली नाही. माय म्हणाली,

"त्येंचा बी नवा संसार हाय. भांडीकुंडी जमवायला येळ लागतुयाच."

दुसऱ्या दिवशी मी लातूरला परत आलो. डबा रोज येत राहिला.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. एक दिवस स्टँडवर डब्याबरोबर अक्काच उतरली. खडीचं काम आठ दिवस बंद होतं. तिला कॉलेज बघायचं होतं. मी तिला बाहेरून कॉलेज दाखवलं, आत न्यायला मला संकोच वाटला. मग मला तास होता म्हणून ती म्हणाली, मी गाव बघते जरा. दुपारी मी खोलीवर आलो तेव्हा ती पायरीवर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"त्या शाळंत गेलते. पुढच्या वर्साचा फॉर्म कवा येतोय इचारायला. तितला बाबू म्हनला, अवंदाचे तर येळंवरच आलते. लई पोरींनी भरले."

मी उठलो. आत जाऊन ट्रंक उघडली आणि फॉर्म आणून तिच्या हातात दिला. आता लपवून उपयोग नव्हता, आणि मला वाटतं ते लपवणं मलाच नको झालं होतं. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकेक रकाना वाचला. मग बोट ठेवून म्हणाली,

"जन्मतारीख चुकलीय. ही तुजी हाय."

खरंच मी माझी लिहिली होती.

"कामून केलास?"

"मला वाटलं, तू पास झालीस तर मला..."

"दोन दिस मागितले व्हते मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.  तिने कालचा रिकामा डबा मागून घेतला. निघताना म्हणाली, "मायला सांगू नको. तिला तुजं लई कौतुक हाय."

मी सांगितलं नाही. तिने सांगू नको म्हटलं म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो.

पुढच्या जूनमध्ये बालवाडी निघाली. दहावी पास बाई गावात नव्हती म्हणून शेजारच्या गावची घेतली. अक्काने ऑगस्टमध्ये फॉर्म स्वतः आणला, स्वतः भरला. अभ्यासासाठी वेळ तिने कसा काढला ते सांगायलाच हवं. आमच्याकडे लहान शेतकऱ्यांत सावड करतात: आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, पैशाचा संबंध नाही. अक्काने खडीवर सावड सुरू केली. बायांचे अर्ज लिहायचे, ओव्हरसियर माप घ्यायला आला की ढिगाचं माप त्याच्याबरोबर मोजून त्यात चूक होऊ द्यायची नाही, हे तिचं काम. त्याबदल्यात टोळीतल्या बायांनी दुपारनंतर तिच्या पाट्या भरायच्या. मी एकदा सुट्टीत तिथे गेलो होतो. अक्का बाभळीखाली इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती आणि एक म्हातारी दगड फोडता फोडता ओरडत होती,

"ए मास्तरीण, राजा मेला का न्हाई अजून? माजी दुसरी पाटी भरत आली."

"मेला मावशी, आता त्येच्या लेकाचं चाललंय."

"लेक बी मरू दे लवकर. ऊन लई हाय."

सगळ्या हसत होत्या. बायांना त्यांची मजुरी पूर्ण मिळत होती, आणि अक्काला दुपार मिळत होती. मी वर्गात जे आकडे सांगून शाबासकी घेतली, ते खरं कसं असतं ते मी त्या बाभळीखाली पाहिलं. तिथे कोणालाही 'हे मला नको' असं म्हणता येत होतं. मीही त्या दिवशी हातोडी घेतली आणि चार पाट्या भरल्या. म्हणजे मला ते जमत होतं.

अक्का पास झाली, माझ्यापेक्षा जास्त टक्क्यांनी. पण जागा भरली गेली होती. तिला बालवाडीत मदतनीस म्हणून घेतलं. मुलांना बोलावून आणायचं, त्यांचं खाणं शिजवायचं, झाडलोट करायची. शेजारच्या गावच्या बाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांना लिहिणं नकोसं वाटतं. रजिस्टरं अक्काच लिहिते आणि सही त्या करतात. "तुमची अक्का हाय म्हणून माझं चाललंय बगा," असं त्या मला प्रत्येक वेळी कौतुकाने सांगतात.

माय मात्र सगळ्यांना एकच सांगायची: "नवा जिल्हा झाला आन माज्या पोरीचं वरीस गेलं. न्हाईतर ती जागा हिचीच व्हती." विहारात, पाण्याच्या टाकीवर, पाहुण्यारावळ्यांत, सगळीकडे. अक्का ऐकायची आणि गप्प बसायची. मीही गप्प बसायचो.

गेल्या महिन्यात नायगावकडची मंडळी अक्काला बघायला आली. मुलगा कारकून, बरोबर त्याचे वडील आणि मामा. दादा आता घरीच असतात, त्यांनी बाजेवर सतरंजी टाकली. चहा झाला. मामाने विचारलं, शिक्षण किती, मध्ये गॅप का. माय नेहमीप्रमाणे म्हणाली, "नवा जिल्हा झाला तवा. फॉर्मच आले न्हाईत त्या वर्सी."

मामा कपात बघत म्हणाला, "आसं कसं? माजी भाची लातूरलाच हाय. त्याच वर्सी बाहेरून बसली ती. फॉर्म आलते की."

 माय गोंधळून अक्काकडे बघू लागली. मुलाच्या वडिलांनी मामाकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला स्पष्ट दिसलं: पोरगी एकदा बसून नापास झाली असणार आणि घरचे झाकून ठेवत आहेत. अक्काने मान खाली घातली होती. ती एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं.  इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच खोटी ठरत होती, आणि तेही माझ्या खोट्यापायी.

"फॉर्म आले होते," मी म्हणालो. "मी आणला होता. दिला नाही."

"काय म्हणतूस?" माय म्हणाली.

"अक्काची काही चूक नाही. तिनं आणायला सांगितला होता. मीच खोटं बोललो, नव्या जिल्ह्याचं. ती शिकली तर मला खडीवर जावं लागंल, अशी मला भीती वाटली."

मामाने कप खाली ठेवला. कारकून मुलगा पहिल्यांदाच अक्काकडे नीट बघत होता. थोड्या वेळाने मंडळी उठली, कळवतो म्हणाली. अजून काही कळवलेलं नाही.

ती गेल्यावर दादा उठून बाहेर गेले. माय जागची हलली नाही. मग तिने मला विचारलं, "फॉर्म द्यायला किती येळ लागला असता?"

"एक सकाळ."

तिने मान हलवली. अक्का कपबशा गोळा करायला उठली, तशी माय म्हणाली, "तू बस."

"ऱ्हाऊ दे माय, मी धुते."

"बस म्हणले न्हवं." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू धू."

मी कपबशा घेऊन मोरीजवळ बसलो. राखेने एकेक कप घासला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. दोनदा ती अर्धवट उठली आणि दोन्ही वेळा मायने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.